रुमालाची गाठ

आमच्या मराठवाड्यात कागद जपून ठेवण्याची परंपरा जितकी जुनी आहे, तितकीच तो जपलेला कागद पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडू न देण्याचीही आहे. जुन्या दफ्तरखान्यांत दस्तऐवजांचे गठ्ठे चौकोनी फडक्यात बांधून फळीवर मांडीत, आणि त्या फडक्यावरून गठ्ठ्यालाच ‘रुमाल’ हे नाव पडले. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागदांची मोजदाद आजही रुमालांतच होते. रुमालाला कुलूप नसे, केवळ गाठ असे. परंतु ज्या कारकुनाने ती मारली त्याच्यावाचून दुसऱ्या कोणी सोडू गेल्यास कागद सापडण्याऐवजी नखे तुटत असावीत. आणि म्हणूनच साहेब बदलले, संस्थान गेले, नवी राज्ये आली, तरी कारकून मात्र आपल्या जागी ध्रुवासारखा अढळ राहिला, याचे श्रेय त्याच्या वळणदार अक्षरास न देता त्याच्या गाठीस द्यावे, असे माझे नम्र मत आहे. हे मत आजच मांडण्याचे कारण एवढेच, की त्या गाठीचा एक वंशज अलीकडे आमच्या शाळेच्या संगणकात वास्तव्यास आला असून त्यास ‘पासवर्ड’ असे म्हणतात.

मी नांदेड जिल्ह्यातील एका शाळेचा मुख्याध्यापक आहे. मुख्याध्यापकाचे काम विद्यादानाचे असते अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी फेब्रुवारी महिन्यात एकदा आमच्या कार्यालयात येऊन बसावे. त्या महिन्यात विद्या, विद्यार्थी आणि विद्यालय हे तिन्ही विषय गौण ठरून आयकर हा एकच विषय शिल्लक राहतो. २०२०-२१ या आर्थिक वर्षापासून जुनी करप्रणाली आणि नवी करप्रणाली अशा दोन वाटा शासनाने खुल्या केल्यामुळे, प्रत्येक शिक्षकाचा कर दोनदा मोजून त्यातला कमी कोणता ते ठरवावे लागते. ८०सी खालची दीड लाखांची वजावट भरते की नाही ते पाहावे लागते. आणि हे सारे गणित ज्याने आयुष्यभर मुलांना ‘सोपे आहे, घाबरू नका’ म्हणून सांगितले तो गणिताचा शिक्षकच सर्वांत आधी घाबरून माझ्या टेबलापाशी येतो.

अशा संकटकाळी महाराष्ट्रातील शिक्षकवर्गाचा जो एक अनाम उपकारकर्ता धावून येतो, त्याचे ऋण कोणत्याही शासननिर्णयात नमूद नाही. दर जिल्ह्यात असा एखादा गुरुजी असतोच, की जो दिवसा चौथीच्या वर्गाला भागाकार शिकवतो आणि रात्री एक्सेलचे कोष्टक उघडून बसतो. आकारिक आणि संकलित मूल्यमापनाच्या नोंदी, निकालपत्रके, शालेय पोषण आहाराचा हिशेब, सातव्या वेतन आयोगाची वेतननिश्चिती, म्हणजे १ जानेवारी २०१६ रोजीचे मूळ वेतन २.५७ ने गुणून येणारा आकडा तक्त्याच्या नेमक्या कोणत्या चौकटीत बसवावा तो निर्णय, हे सर्व त्याने सूत्रांत आणि मॅक्रोंत गुंफून ठेवलेले असते. मॅक्रो म्हणजे कोष्टकाला एकदा सांगून ठेवलेला हुकूम. कळ दाबताच कोष्टक तो निमूटपणे तामील करते, आणि हा गुण शाळेतील अन्य कोणत्याही घटकात आढळत नसल्यामुळे आम्ही अशा पत्रकाला आदराने ‘सॉफ्टवेअर’ म्हणतो.

या गुरुजींच्या तपश्चर्येची कल्पना यावी म्हणून एकच उदाहरण देतो. पत्रकाच्या तळाशी ‘अक्षरी रुपये’ म्हणून जी ओळ असते, तीत आकडा आपोआप शब्दांत उमटावा यासाठी मॅक्रो लिहावा लागतो. इंग्रज मनुष्याला सत्तावीस शब्दांच्या भांडवलावर नव्व्याण्णवपर्यंत मजल मारता येते; मराठीत मात्र प्रत्येक संख्या स्वतंत्र बाण्याची, एकोणसाठचा साठाशी जेवढा संबंध तेवढाच पन्नासाशी तुटलेला, त्यामुळे एकपासून नव्व्याण्णवपर्यंतचे सर्व शब्द एकेक करून हाताने भरण्यावाचून गत्यंतर नाही. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ला ‘वीस एक’ असा पर्याय सुचविला तेव्हा अवघ्या महाराष्ट्रात भाषेच्या भवितव्याविषयी काहूर उठले. परंतु माझी खात्री आहे, की त्या कोलाहलात कोठेतरी एखादा गुरुजी संगणकासमोर बसून, हा सुधारणेचा वारा आपल्याला दोन वर्षे आधी का लागला नाही, या विचाराने मूकपणे अश्रू ढाळीत असला पाहिजे.

गेल्या फेब्रुवारीत असेच एक पत्रक लातूरहून निघाले आणि अहमदपूर, लोहा असा मुक्काम करीत, व्हॉट्सॲपच्या कृपेने पंधरा-वीस समूहांतून फिरत नांदेडला माझ्या हाती आले. ते उघडण्याचा विधी मी सविस्तर सांगतो, कारण कोणत्याही किल्ल्याच्या वर्णनाला त्याच्या दरवाजांपासूनच आरंभ करण्याचा आपल्याकडे प्रघात आहे.

प्रथम महाद्वार. फाइल उघडण्यासच पासवर्ड. चारही कुलपांत हे एकच खरे कुलूप होय. कारण येथे आतला मजकूर सांकेतिक रूपात परिवर्तित केलेला असतो आणि किल्ली हरवली तर ज्या कंपनीने कुलूप बनविले तिलाही ते उघडता येत नाही. अर्थात आमच्याकडे किल्ली हरवण्याची भीती नसते, कारण समूहावर फाइल पडते त्याच्या पुढच्याच ओळीत पासवर्डही पडलेला असतो. घराला कुलूप लावून किल्ली उंबऱ्याखाली ठेवण्याची आणि ती तेथे आहे हे सबंध गल्लीला सांगून ठेवण्याची जी आपली पूर्वापार रीत, तिच्याशी हे सर्वथा सुसंगतच आहे.

त्यानंतर दुसरा दरवाजा. आत शिरताच पाहावे तो एकच पान, आणि त्यावर ठळक अक्षरांत ‘मॅक्रो सुरू केल्याशिवाय पत्रक दिसणार नाही.’ वर पिवळी पट्टी. आणि फाइल महाजालावरून आलेली असेल तर तांबडी. १९९९ साली मेलिसा नावाच्या मॅक्रो-विषाणूने जगभरच्या कचेऱ्यांची टपाले तुंबविली, तेव्हापासून मॅक्रो या जातीकडेच कोतवाल संशयाने पाहू लागला, आणि २०२२ पासून तर परगावाहून आलेल्या मॅक्रोला मायक्रोसॉफ्टने वेशीवरच अडविण्याचा नियम केला. लातूरच्या गुरुजींचे निरुपद्रवी आयकरपत्रक आणि तो जागतिक दरोडेखोर यांत फरक करण्याचे काम अशा रीतीने माझ्यावर, म्हणजे ज्याला ती पट्टी कोठे आहे हेच दोन दिवस दिसले नव्हते त्याच्यावर, येऊन पडले.

तिसरा दरवाजा अधिक मनोरंजक. एक्सेलमध्ये पानाच्या तीन अवस्था असतात: दृश्य, गुप्त आणि अतिगुप्त. गुप्त पान मागितल्यास यादीतून पुढे येते. अतिगुप्त पानाचे नाव त्या यादीतही नसते. गुरुजींनी करांचे दर अशाच अतिगुप्त पानात ठेवले होते. हे दर प्रत्यक्षात अर्थमंत्री लोकसभेत मोठ्याने वाचून दाखवतात. तेव्हा लोकसभेत जाहीर झालेली बाब लातुरात अतिगुप्त ठेवण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न मला त्या वेळी पडला होता.

चौथा दरवाजा म्हणजे पत्रकाचे संरक्षण. यातील गंमत अशी, की एक्सेलमधील प्रत्येक चौकट जन्मतःच कुलूपबंद असते. मात्र पत्रक संरक्षित करण्याचा आदेश निघेपर्यंत ते कुलूप अमलात येत नाही. शासननिर्णय निघालेला, अंमलबजावणी प्रलंबित, ही अवस्था ज्याच्या अंगवळणी पडलेली आहे अशा माझ्यासारख्यास हे तत्त्व चटकन उमगले. संरक्षण लागले, की ज्या पिवळ्या चौकटीत लिहिण्याची अनुज्ञा तेवढ्याच चौकटीत लिहावे. अन्यत्र बोट लागताच नकाराचा फलक पुढे येतो.

आमच्या शाळेतील एका तरुण शिक्षकाने ते पत्रक भ्रमणध्वनीवर उघडले. भ्रमणध्वनीवर मॅक्रो चालत नाहीत. “सर, हे उघडंना गेलंय,” असे म्हणून त्याने पत्रकाची दुसऱ्याच प्रकारात नक्कल करून पाहिली, तेव्हा मॅक्रो समूळ गळून गेले आणि उरले ते प्राण गेलेले कलेवर, ज्याच्यावरची ‘मोजा’ ही कळ दाबली असता ती केवळ दबत असे.

आता इतक्या दरवाजांचे कारण काय, या प्रश्नाचे एक उत्तर मला त्याच आठवड्यात मिळाले. महाराष्ट्रात व्यवसायकर दरमहा दोनशे रुपये कापतात आणि फेब्रुवारीत तीनशे, म्हणजे वर्षाचे अडीच हजार होतात. गेल्या वर्षीच्या एका बिनकुलपी पत्रकात कोणा टापटिपीच्या भोक्त्याला हे फेब्रुवारीचे तीनशे पंक्तीत शोभेनात. त्याने पत्रकाच्या आरंभीचे मार्चचे दोनशे बोटाने धरून शेवटच्या फेब्रुवारीपर्यंत सफाईने ओढले, बाराही महिने सारखे केले, आणि सबंध तालुक्याचा व्यवसायकर माणशी शंभर रुपयांनी कमी पडला. तात्पर्य, पत्रकाला शत्रूचे भय नसतेच. शत्रू आपला आयकर मोजण्यास आपले पत्रक कशाला घेईल? भय असते ते मित्रांचे, आणि त्यांतही सुधारणेची हौस असलेल्या मित्रांचे.

परंतु कुलपाची ही मीमांसा अपुरी आहे, हे कळण्यास मला थोडे इतिहासाकडे आणि थोडे स्वतःच्या पापाकडे वळावे लागेल.

इतिहास असा. निजामाच्या अमदानीत आमच्याकडचे सरकारी कागद उर्दूत आणि गावकीचे मोडीत लिहिले जात. ज्याला ते वाचता येत नसे, म्हणजे बहुतेक सर्व रयतेला, त्याच्या दृष्टीने ती लिपीच पासवर्ड होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, पण कागद मुक्त व्हायचे राहून गेले. २०२३ साली निजामकालीन नोंदी शोधण्यासाठी शासनाने समिती नेमली तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना जो भाव आला, तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. आणि त्याहूनही थोर उदाहरण महानुभावांचे. आमच्या जिल्ह्यातले माहूर हे त्यांचेही पवित्र स्थान. या पंथाने आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले, आणि कुलूप इतके उत्तम लागले, की विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडीपर्यंत, तेराव्या शतकातील म्हाइंभटांच्या लीळाचरित्रासारखा मराठी गद्याचा आद्य ठेवा आपल्या घरात आहे, याची पंथाबाहेरच्या मराठी विद्वानांस वार्ताही नव्हती. इतक्या शतकांत एकदाही न फुटलेला पासवर्ड अन्यत्र क्वचितच सापडेल. आमचे पासवर्ड मात्र बहुधा मुलीचे नाव आणि पुढे १२३ असे असतात.

आता पाप. ते पत्रक इतके सुबक होते, की त्याच्या शिरोभागी असलेले ‘निर्मिती’ या शब्दापुढचे लातूरच्या गुरुजींचे नाव मला हळूहळू खुपू लागले. तालुक्याच्या शिक्षण परिषदेत हे पत्रक मी दाखविणार, समजावून मी सांगणार, शंकांना उत्तरे मी देणार, आणि नाव मात्र दुसऱ्याचे. हा मला पत्रकाच्या रचनेतला दोष वाटला. योगायोगाने माझा भाचा, जो लातुरास वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवणीला आहे, त्या रविवारी घरी आला होता. मी त्याला केवळ शैक्षणिक जिज्ञासेने विचारले, की पत्रकाचे संरक्षण निघते काय. त्याने तीन मिनिटांत काढले.

त्याने सांगितलेले रहस्य मला आजही आश्चर्यकारक वाटते. एक्सेलच्या २०१० पर्यंतच्या आवृत्त्यांत, आणि गुरुजींचे पत्रक तशाच एका आवृत्तीत बनलेले होते, पत्रकाचा पासवर्ड जसाच्या तसा ठेवीत नसत. त्याला दळून सोळा अंशांचा एक सांकेतिक आकडा करीत, आणि असे आकडे फार तर ६५,५३६. जगातले यच्चयावत पासवर्ड इतक्याच कोनाड्यांत कोंबायचे म्हटल्यावर एकेका कोनाड्यात असंख्य पासवर्ड दाटीने बसणार, आणि त्यांतला कोणताही एक हाती लागला तरी कुलूप उघडणार, हे ओघानेच आले. अकरा जागी नुसते ए किंवा बी आणि बाराव्या जागी वाटेल ते चिन्ह, अशा १,९४,५६० किल्ल्या एक लहानसा मॅक्रो ओळीने लावून पाहतो, आणि एखादी लागतेच. गुरुजींनी आपल्या अपत्याचे नाव मोठ्या मायेने त्या कुलपाला दिले असेल; कुलपाने मात्र ‘एएबीएबीबी’ असे काहीतरी बरळणाऱ्या परक्या माणसालाही तितक्याच मायेने आत घेतले. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. तिथे पोहोचण्यास अमुकच रस्त्याने आले पाहिजे असा आग्रह धरण्यात जसा अर्थ नाही, तसाच तो येथेही नव्हता.

मी गुरुजींचे नाव पुसले आणि त्या जागी माझे लिहिले. अक्षराचा आकार दोन अंशांनी वाढविला.

शिक्षण परिषद दुसऱ्या शाळेत होती. तेथील संगणकात मॅक्रोंना मुक्तद्वार होते, ही गोष्ट मला अवगत नव्हती. माझ्या घरी भाच्याने पत्रकातले मॅक्रो बंद ठेवूनच पाने उघडली होती, त्यामुळे ते निद्रिस्त अवस्थेतच राहिले होते. साठेक शिक्षक, दोन अधिकारी, भिंतीवर प्रक्षेपित केलेला पडदा, आणि ‘मी तयार केलेले’ हे शब्द नुकतेच माझ्या मुखातून बाहेर पडलेले, अशा मुहूर्तावर फाइल उघडली. पडद्याच्या मधोमध एक चौकट प्रकट झाली. तीत लिहिले होते: ‘नमस्कार. पुसलेले नाव पूर्ववत् करण्यात आले आहे.’ आणि सर्वांच्या देखत माझे नाव मावळून लातूरच्या गुरुजींचे नाव उगवले. भाच्याने पत्रकाचे कुलूप काढले होते. मॅक्रोच्या अंतःपुराचे कुलूप निराळे असते, आणि पुसलेले नाव परत आणण्याचा हुकूम गुरुजींनी तेथे ठेवला होता. सभागृहात क्षणभर जी शांतता पसरली, तशी माझ्या एकाही तासाला वर्गात पसरलेली नाही. मग मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, “सर, अक्षराचा आकार तेवढा मोठाच राहिलाय, तो तुमचा का?”

पुढच्या रविवारी मी नांदेड-लातूर बस धरली. क्षमा मागण्यासाठी की तो मॅक्रो शिकण्यासाठी, हे चाकूर येईपर्यंत माझ्या मनात निश्चित झाले नव्हते. गुरुजी गंजगोलाईजवळच्या एका हॉटेलात भेटले. कृश प्रकृती, खिशाला दोन लेखण्या, आणि बोलणे इतके मृदू, की या गृहस्थाने माझी साठ जणांपुढे शोभा केली यावर विश्वास बसू नये. मी माझा अपराध निवेदन केला. ते म्हणाले, “तुम्ही अकरावे, सर. पैल्या दहांपैकी कुणी आलं नव्हतं.”

चहा आल्यावर मी त्यांना विचारले, की जे दर लोकसभेत जाहीर होतात ते अतिगुप्त का ठेवावेत. ते हसले. “दर कशाला लपवू? त्याच पानावर खाली नाव हाय, ते लपवलंय. सूत्र कुणीबी बघू द्या की. मी बी दुसऱ्याचं बघूनच शिकलोय. पण चार महिने रातचं बसून केलेल्या कामावर दुसऱ्याचं नाव दिसलं, की झोप येईना गेलीय बघा.” मग त्यांनी मॅक्रोचा पासवर्ड स्वतःहून एका कागदावर लिहून माझ्या हाती दिला आणि चहाचे पैसेही दिले. परतीच्या बसमध्ये तो कागद मी तीनदा उघडून पाहिला आणि तिन्ही वेळा घडी करून ठेवला. चार दरवाजे, तीन अवस्था आणि एक सोळा अंशांचे कोडे ओलांडून ज्या गाभाऱ्यात पोचावे तेथे द्रव्य नाही, रहस्य नाही, केवळ ‘हे मी केले’ एवढी एक ओळ आहे, हे कळल्यावर ती फोडण्यात काही पुरुषार्थ उरला नव्हता.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी नक्कल करणारा लेखनिक आपले नाव घाली आणि पोथीच्या वतीने विनवणी करी, की मला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून जपा, आणि सर्वांत मुख्य म्हणजे मूर्खाच्या हाती देऊ नका. पेशवेकालीन पत्रांत मजकूर जेथे संपे तेथे नेमकी ‘लेखनसीमा’ म्हणून लहानशी मोहोर उठवीत, की त्याखाली कोणी पदरचे काही वाढवू नये. आमचे पूर्वज पासवर्डावाचून इतके निश्चिंत कसे होते, हे मला त्या दिवशी कळले, आणि मी संकल्प केला, की आपणही एक पत्रक करावे, त्यास एकही कुलूप लावू नये, वर आपले नाव लिहावे आणि तळाशी केवळ ‘लेखनसीमा’ म्हणून सोडून द्यावे.

पत्रक पोषण आहाराच्या तांदळाचे होते. माझी शाळा पाचवीपर्यंतची. तेव्हा मुलामागे रोज शंभर ग्रॅम, हजेरी भरली की लागणारा तांदूळ तयार. समूहावर टाकले. पंधरा दिवसांनी ते देगलूरकडून फिरून माझ्याकडे परत आले. माझे नाव अर्थातच नव्हते. परंतु पाचवीच्या खाली कोणीतरी सहावी, सातवी, आठवी अशा तीन ओळी वाढविल्या होत्या, त्यांना मुलामागे दीडशे ग्रॅम हे बरोबर प्रमाण लावले होते, माझ्या बेरजेतली एक चूक दुरुस्त केली होती, आणि मग अत्यंत प्रामाणिकपणे ‘लेखनसीमा’ हा शब्द तीन ओळी खाली सरकवून ठेवला होता.

इतके नेटके काम करणाऱ्या त्या गृहस्थाने आपले नाव कोठेही लिहिले नव्हते. मला गुरुजींची ती न लागणारी झोप आठवली, आणि मी समूहावर पृच्छा केली, की या तीन ओळी कोणाच्या, कृपया कळवावे, म्हणजे त्यांचे नाव वर घालता येईल. सायंकाळपर्यंत सात जणांची उत्तरे आली. सातही उत्तरांत एकच शब्द होता: मी.